बाई किती थांबतात?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाई स्टेशनाच्या आजूबाजूला, 2000 सालाच्या सुमारास भारतीय संगणक अभियंत्यांची बिऱ्हाडं येऊ लागली. तोझाई लाइनने ओतेमाचीची कार्यालयं जवळ, म्हणून माणसं इथेच रुळली. त्यांत मराठी घरंही होती. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक या वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. मोठ्यांचं बस्तान बसलं. वॉर्डाच्या शाळेत घातलेल्या मुलाचं बसणं मात्र बरंचसं त्याच्या वर्गशिक्षिकेच्या हाती असतं.

जपानी प्राथमिक शाळेत मुलांना सहसा नापास करत नाहीत, हुशार आणि ढ अशा तुकड्याही पाडत नाहीत. मेहनत केली की कुणालाही जमतं, असं तिथे मनापासून मानतात. हे मला आवडतं. पण मग ज्याला जमत नाही त्याने मेहनत केली नाही, असा अर्थ निघायलाही वेळ लागत नाही.

खरा घोळ होतो तो भाषेत. दुसरी भाषा बोलण्यापुरती साधारण दोनेक वर्षांत येते. धडा समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवून दिलं त्याला चार दशकं झाली. म्हणजे तिसरीतला मराठी मुलगा मैदानावर जपानीत भांडतो, जेवणाच्या वेळी विनोद करतो, आणि सामाजिक शास्त्रांच्या तासाला गप्प बसतो. बाईंना वाटतं, भाषा तर येते, तेव्हा अडचण डोक्यातच असणार. हा निष्कर्ष दुष्टपणाचा नाही, पण महागात पडतो. परदेशी मुलं जास्त असलेल्या 25 शहरांची सरकारी आकडेवारी 2019 मध्ये जपानी वर्तमानपत्रांत आली. एकूण मुलांच्या तुलनेत परदेशी मुलं विशेष गरजांच्या मुलांसाठी असलेल्या वर्गांत दुपटीहून जास्त प्रमाणात होती. बुद्धीची चाचणीच जपानीत घेतली तर दुसरं काय होणार?

शिक्षकाचा अंदाज खरा कसा ठरतो, यावर 1968 मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांचं पुस्तक गाजलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली मुलं 'आता चमकणार' असं शिक्षकांना सांगितलं, आणि वर्षाअखेर त्यांतली काही खरंच पुढे गेली. परिणाम दिसला तो मुख्यतः पहिली-दुसरीत, हे सांगायचं मात्र लोक विसरतात. यात जादू काही नाही; शिक्षक कुणासाठी किती थांबतो, यातून अंदाज खरा होत जातो. मेरी बड रो या अभ्यासिकेने वर्गांत मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या पोराला सेकंदभर म्हणजे काहीच नाही. 'याला येणार नाही' असं धरून चालणाऱ्या बाई दयेपोटी त्याला विचारायचंच सोडतात. तुच्छतेपेक्षा मला या दयेचीच भीती जास्त वाटते. तुच्छतेवर मूल निदान चिडतं तरी.

दयेऐवजी मदत कशी असते, हे पाहायचं तर कांजी या चित्राक्षरांच्या डोक्यावर बारीक हिरागाना लिपीत उच्चार लिहून दिलेला गणिताचा कागद पाहा. 'उरलेली सफरचंदं सारखी वाटली तर' हे आधी वाचताच येत नव्हतं. उच्चार समोर आला की ऐकलेले शब्द ओळखू येतात, भागाकार सुटतो आणि कागदावर लाल शाईचं फुलासारखं वर्तुळ, हानामारू, उमटतं. बाईंचे पाच मिनिटांचे कष्ट.

उलटा शिक्काही असतो. भारतीय गणितपद्धतीची पुस्तकं जपानात मध्यंतरी धडाधड खपली. तेव्हापासून भारतीय मूल म्हणजे गणितात तल्लख, असं गृहीतच धरतात. खरोखर कच्च्या असलेल्या मुलाने मदत मागायची तरी कशी?

आणि आपण आई-वडीलही काही कमी नाही. शिक्षकांच्या भेटीला जायचं आणि विनयाने म्हणायचं, "आमचा जरा कच्चाच आहे हो." पुण्यात समोरचा हसून सोडून देईल. तिथे ते वाक्य फोनमधल्या भाषांतरातून जातं आणि बाई त्याची नीट नोंद करून घेतात. त्यापेक्षा मुलाची भारतातली जुनी गणिताची वही सोबत न्यावी. इंग्रजी आकडे वाचायला बाईंना मराठी लागत नाही.