मारबत, लमाश्तू आणि अनन्यभक्ती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर नगरीत पिवळी आणि काळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही मिरवणूक चालत आली आहे. या प्रचंड पुतळ्यांबरोबर रोगराई व इडापीडा गावाबाहेर जावी, अशी लोकांची धारणा असते. मारबत म्हणजे पूतना, अशीही एक समजूत रूढ आहे. जिचा श्रीकृष्णचक्रवर्तींनी वध केला तीच ही. तेव्हा उपदेशी घरातील एखाद्या मातेने तिला हात जोडून आपल्या लेकराची पीडा नेण्यास विनविले, तर काय बिघडले? प्रश्न आईचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिवाय तो फार जुना आहे.

प्राचीन बॅबिलोनियात लमाश्तू नावाची एक बालघातकी शक्ती मानीत असत. ती अनू या आकाशदेवाची कन्या. दुष्टबुद्धीमुळे स्वर्गातून ढकलली गेलेली. गर्भिणी आणि तान्ही मुले हे तिचे भक्ष्य. तिला घालविण्यासाठी मांत्रिक तिची मूर्ती घडवी, फणी, चाती असे सामान तिला अर्पण करी आणि वाटखर्ची देऊन तिची दूरदेशी बोळवण करी. तेवढ्याने भय सरत नसे. मग पाझूझू या वायुरूपी क्रूर शक्तीचे मुखवटे घरात लावीत, बाळंतिणीच्या अंगावर बांधीत. कारण लमाश्तूला तोच पळवून लावी, अशी श्रद्धा. एका भयाच्या निवारणार्थ दुसऱ्या भयाला शरण जाणे, असा हा प्रकार होय. पाझूझू उलटला तर कोणाकडे जावे, हे त्या बिचाऱ्या मातेला कोण सांगणार?

येथे महानुभाव शास्त्राचा निर्णय नीट ध्यानी घ्यावा लागतो. पश्चिमेकडील एकेश्वरवादी धर्मांत अन्य देव मिथ्याच ठरविले जातात. आपले शास्त्र तसे म्हणत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. देवता आहेत, त्या फळही देतात. परंतु त्या नित्यबद्ध आहेत. जे स्वतः बद्ध, ते बद्धमुक्त जीवाला मोक्ष कोठून देणार? त्यांचे फळ भोगून सरते आणि जीव पुन्हा संसारात येतो. नित्यमुक्त तो एकच परमेश्वर.

बॅबिलोनी लोकांनाही एका श्रेष्ठ देवाची ओढ लागली नव्हती असे नाही. तेथील सृष्टिकथेत मर्दुक पन्नास नावांनी गौरविला जातो. उत्तरकालीन एका सूचीत तर अनेक देव मर्दुकाचीच रूपे म्हणून दाखविले आहेत. पण त्याचे स्वामित्व कसे आले ते पाहावे. तियामतेच्या भयाने गांजलेल्या देवसभेने ते त्याला दिले. दिलेले ऐश्वर्य हे परतंत्रच. पुढे मनुष्य निर्माण झाला तोही देवांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून, किंगू या पराभूत देवाच्या रक्तातून. याउलट आपला परमेश्वर स्वतंत्र आहे. त्याला जीवाकडून काही करवून घ्यावयाचे नाही. तो कृपाळू होऊन जीवोद्धरणासाठी अवतार स्वीकारतो. पंचकृष्णांचे अवतार त्याचसाठी.

मोक्षाची कल्पनाच नसली म्हणजे काय होते, हे गिल्गमेशाच्या कथेत दिसते. मित्राच्या मरणाने हादरलेला तो राजा अमरत्व शोधीत जगाच्या टोकास गेला. पुन्हा तारुण्य देणारी वनस्पती त्याच्या हाती आली आणि परतीच्या वाटेवर, तो स्नान करीत असता, ती सर्पाने नेली. राजा रडत बसला. त्याच्या देवांपाशी त्याहून अधिक देण्यासारखे काही नव्हते.

त्या उपदेशी मातेने मूल आजारी पडताच वैद्याकडे न्यावे, औषध वेळेवर पाजावे. औषधोपचार म्हणजे अन्यभक्ती नव्हे. मारबत दारावरून जात असेल तर लेकरांना ती खुशाल पाहू द्यावी. हात मात्र जोडू नयेत. मग रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी बसून नामस्मरण करताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, तर ते परमेश्वराला कळते. त्यासाठी त्याला फणी आणि चाती वाहावी लागत नाही.