मौन आणि कबुली

जपानी माणूस प्रेम बोलून दाखवत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत. त्याला पुरावा म्हणून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी इंग्रजी शिकवत असताना म्हणे विद्यार्थ्यांना म्हणाले, 'मी तुझ्यावर प्रेम करतो' याचे जपानी भाषांतर 'चंद्र सुंदर आहे, नाही?' असे करा. गोष्ट गोड आहे. पण सोसेकींच्या लिखाणात ती कुठेच सापडत नाही. १९१६ साली ते वारले, त्यानंतर कित्येक दशकांनी ती छापली गेली. खरी नोंद आहे ती फुताबातेई शिमेई यांची. १८९६ साली तुर्गेनेव्हच्या 'आस्या'चे भाषांतर करताना, नायिका स्वतःला नायकाच्या स्वाधीन करते तिथे शिमेईंनी तिच्या तोंडी मरणही कबूल असल्याचे शब्द घातले. हे मौन नव्हे.

शब्द नव्हते असेही नाही. 'आइ' हा शब्द जुनाच. पण बौद्ध परंपरेत त्याचा अर्थ आसक्ती, तृष्णा. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी ईश्वराच्या प्रेमासाठी 'गोताइसेत्सु' शब्द वापरला, म्हणजे मोलाचे मानणे. आजही 'आइशितेरु' नवरा-बायकोच्या तोंडी क्वचितच येते. रोजचा शब्द 'सुकी'. त्याची घडण मराठी माणसाला परकी वाटू नये. इंग्रजीत प्रेम करणारा 'मी' पुढे असतो. जपानीत, आपल्या 'तू आवडतेस'सारखे, आवडणारे माणूसच वाक्याचा कर्ता.

आणि गंमत अशी, की मौनासाठी प्रसिद्ध असलेल्या याच देशात तरुणांमध्ये 'कोकुहाकु'ची, म्हणजे कबुलीची रीत आहे. समोर उभे राहून म्हणायचे, 'सुकी देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.' तू मला आवडतेस, माझ्याशी जोडी जमवशील का? उत्तर मिळेपर्यंत सहसा दोघांना कोणी जोडपे मानत नाही.

मला ही रीत चंद्राच्या गोष्टीपेक्षा सरस वाटते. चंद्राविषयी बोलणारा केव्हाही अंग काढून घेऊ शकतो, 'मी तर आभाळाबद्दल बोलत होतो!' अर्थ लावण्याचे ओझे ऐकणारीवर. ती गप्प राहिली, तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र तो लावणार. कबुली देणारा स्वतः जोखीम घेतो आणि समोरच्याला 'गोमेन नासाइ', माफ करा, म्हणायला जागा ठेवतो.

हा प्रश्न आपल्याही दारातला आहे. कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, ही हदीस आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. तिचा आधीचा भाग मात्र विसरला जातो: तिची परवानगी मागितल्याशिवाय तिचा निकाह लावू नये. लाजरी मुलगी कशी बोलेल, असे विचारले गेले, तेव्हा मौनाची गोष्ट आली. म्हणजे आधी प्रश्न, मग मौन. प्रश्नच केला नाही तर ते मौन कशाचे उत्तर?

आपल्याकडे बहुधा प्रश्न विचारला जातो तो निकाहाच्या दिवशी. वकील आणि साक्षीदार आत येतात. मुलगी मान खाली घालून बसलेली. शेजारची कोणी खाला घाईघाईने म्हणते, "हूं म्हणाली, हूं म्हणाली." बाहेर वरात येऊन बसलेली असते आणि बिर्याणीच्या देगा चुलीवरून उतरत असतात.