नोंदीची जागा आणि घटनेची जागा

एखादे वाहन बेदरकारपणे पुढे घुसले की पाटीवरची अक्षरे वाचून चालकाच्या जिल्ह्याचा उद्धार करावा, आणि भर दुपारी भरून आलेले आभाळ चार थेंबही न सांडता ओसरले की 'आमच्याकडचा पाऊस असाच' म्हणून सुस्कारा टाकावा, या दोन सवयी महाराष्ट्रात इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना कोणी विचार म्हणत नाही. परंतु समृद्धी महामार्ग खुला झाल्यापासून त्यांना विचाराची प्रतिष्ठा मिळू लागली आहे. अपघाताची वार्ता आली की वऱ्हाडातल्या चालकांना वेगाच्या रस्त्याची शिस्त नाही अशी मीमांसा सुशिक्षित मंडळी गंभीरपणे करतात. शेतकऱ्याने नुकसानभरपाईची तक्रार मांडली की विदर्भाचा पाऊसच लहरी, तेथे शासन तरी काय करणार, असा निर्वाळा तितक्याच गंभीरपणे दिला जातो. ही मीमांसा उथळ आहे एवढे म्हणून मला थांबता येत नाही. तिचा उथळपणा नेमका कोठे आहे हे दाखवणे अगत्याचे आहे, कारण वाशीमसारख्या जिल्ह्यात त्याची किंमत जिवंत माणसे मोजत आहेत.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडचे चालक सर्वांत बेशिस्त आणि आपल्याकडचे हवामान सर्वांत बेभरवशाचे, असा दावा पुणेकर करतो, नागपूरकर करतो, नाशिककर आणि कोल्हापूरकरही करतो. मेलबर्नचे रहिवासी एका दिवसात चार ऋतू अनुभवल्याचे अभिमानाने सांगतात आणि नेपल्सच्या वाहतुकीविषयी इटलीभर बोलले जाते. जे वैशिष्ट्य सर्वांनी एकाच वेळी स्वतःकडे घ्यावे ते कोणाचेच वैशिष्ट्य नसते, हे तर्काच्या पहिल्या पायरीवरच कळण्यासारखे आहे. हा केवळ निरुपद्रवी विनोद आहे म्हणणाऱ्यांनी एकदा तहसील कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या रयतेला तो ऐकवून पाहावा. आणि हे सारे पुण्या-मुंबईचे विदर्भाविरुद्धचे कारस्थान आहे म्हणणाऱ्यांनी वाशीमच्या बसस्थानकावर 'बारा नंबरच्या', म्हणजे पुण्याच्या, गाड्यांविषयी काय बोलले जाते ते ऐकावे. तेवढे पुरे आहे.

माझा खरा वाद आहे तो तिसऱ्या, अधिक समंजस दिसणाऱ्या पक्षाशी. त्याला मी तथ्यांशवाद म्हणतो. प्रत्येक लोकसमजुतीत अतिशयोक्ती असते, परंतु तथ्याचा अंशही असतोच. इतकी माणसे इतकी वर्षे उगाच बोलणार नाहीत. धूर आहे तेथे अग्नी असलाच पाहिजे, असे हा पक्ष म्हणतो. त्याची भाषा मवाळ आणि मुद्रा निःपक्षपाती असल्यामुळे तो अधिक घातक आहे. धूर आणि अग्नी यांचा दाखला द्यायचाच तर आपल्या नैयायिकांचा पुरा द्यावा. पर्वतावर दिसते तो धूर आहे की बाष्प याचा निश्चय होण्याआधीच अग्नीचे अनुमान करणे, हे असिद्ध हेत्वाभासाचे उदाहरण म्हणून प्राचीन तर्कग्रंथांत नोंदलेले आहे. तथ्यांशवादी नेमके हेच करतात. ते अग्नीच्या चर्चेत इतके रमतात की समोर धूर आहे का हे तपासणेच विसरतात.

वाशीममध्ये वाईट चालवलेली बहुतेक वाहने 'एमएच-37' या पाटीची दिसतात, हे खरे आहे. पण वाशीममध्ये चांगली चालवलेली बहुतेक वाहनेही त्याच पाटीची असतात, कारण वाशीममधील बहुतेक वाहनेच त्या पाटीची आहेत. आपण आयुष्यभर ज्या रस्त्यावर वावरतो तेथील अपराध आपल्याला अधिक दिसतात, आणि शिस्तीने गेलेले वाहन तर कोणाच्या स्मरणातच राहत नाही. हजार माणसांनी एकाच खिडकीतून पाहिले म्हणून हजार निरीक्षणे होत नाहीत. 'इतकी माणसे सांगतात' या युक्तिवादाचे बळ त्या माणसांची निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असण्यावर अवलंबून आहे, आणि ती स्वतंत्र नाहीत. ती एका गावाची, एका रस्त्याची आणि बऱ्याचदा एकमेकांकडून ऐकलेली असतात.

त्याहून मोठा प्रश्न पाटीचा आहे. वाहनाची पाटी वाहन कोठे नोंदले गेले एवढेच सांगते. ते कोण चालवतो, तो कोठे वाढला, कोणत्या रस्त्यावर चालवायला शिकला, यातले काहीही ती सांगत नाही.  वाशीमच्या इतिहासातल्या दोन तारखा येथे अवश्य सांगितल्या पाहिजेत. इंग्रजी वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 च्या फेररचनेत तो मोडून त्याचा प्रदेश मुख्यतः अकोल्याला जोडला गेला, आणि 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून सहा तालुके काढून तो पुन्हा स्थापन झाला. तोवर रिसोडचा किंवा मंगरूळपीरचा माणूस आपली गाडी अकोल्याच्या 'एमएच-30' मालिकेत नोंदवत असे. पुढे नवी मालिका आली. रस्ता तोच, गाडी तीच, चालक तोच. केवळ दप्तर बदलले. ज्यांना पाटीत स्वभाव दिसतो त्यांनी हे सांगावे, की जिल्ह्याच्या फाळणीच्या त्या शासकीय हुकमाने कारंज्याच्या चालकाच्या स्वभावात कोणता फेरफार झाला?

येथे तथ्यांशवादी एक माघार घेतात, आणि तिच्याविषयी मला प्रामाणिक राहिले पाहिजे. ते म्हणतात, पाटी सोडा. पण प्रदेशपरत्वे वाहन चालवण्याच्या रीती भिन्न असतात हे तरी तुम्ही नाकारणार नाही. मी नाकारत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या काळ्या कन्हार जमिनीतून जाणारा एखादा जुना रस्ता पावसाळ्यानंतर पाहावा. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. डांबराच्या कडा खचतात, कडेची भरणी वाहून जाते आणि डांबर व माती यांच्यात वीतभर उंचीची पायरी तयार होते. दिवाळीच्या सुमारास त्याच रस्त्यावर संध्याकाळनंतर सोयाबीनने भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीकडे निघतात, मागे दिवा नाही, असला तर चिखलाने माखलेला. अशा रस्त्यावर जो मधोमध चालवतो, समोरून वाहन आल्यावरच बाजूला होतो आणि पुढची ट्रॉली दिसताच लांबूनच भोंगा वाजवत राहतो, तो बेशिस्त नाही; तो त्या रस्त्याला शोभेल असेच चालवतो आहे. कडेने चालवणारा तेथे उलटतो. हीच रीत घेऊन तो समृद्धीवर गेला आणि उजव्या मार्गिकेला चिकटून राहिला तर ती रीत तेथे दोष ठरते. म्हणजे तथ्याचा जो अंश आहे तो माणसाचा नाही, जिल्ह्याचाही नाही. तो रस्त्याचा आहे, आणि रस्ता दुरुस्त करता येतो.

1 जुलै 2023 च्या पहाटेपूर्वी सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरची चर्चा आठवावी. चालकाच्या दोषाची चौकशी करणे हे यंत्रणेचे कर्तव्यच होते, आणि जो दोष सिद्ध होईल तो त्याच्या पदरी घातलाच पाहिजे. परंतु एका माणसाचा दोष कितीही निःसंशय असला तरी तो प्रदेशाच्या खात्यावर जमा होत नाही. त्या गाडीचा प्रवास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होता, घटना बुलढाणा जिल्ह्यात घडली, आणि चर्चा मात्र 'विदर्भातल्या चालकांची' झाली. मोटार परिवहन कामगारांचा तेव्हा लागू असलेला 1961 चा कायदा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालत होता. रात्रीच्या खासगी गाड्यांवर ती पाळली जात होती काय, हा प्रश्न कोणत्या जिल्ह्याच्या स्वभावात बसवायचा?

आता पावसाकडे वळतो, कारण माझ्या मते हाच भ्रम तेथे अधिक स्वच्छ दिसतो. वाशीमचा पाऊस लहरी नाही. तो दोन प्रकारचा आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन ते पश्चिमेकडे सरकते तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये साऱ्या विदर्भावर जो पाऊस लागतो त्याची चाहूल काही दिवस आधी मिळते आणि तो बहुधा साऱ्या जिल्ह्याला भिजवतो. याउलट मृगाच्या आरंभी आणि परतीच्या काळात दुपारच्या उष्णतेने जे उभे ढग चढतात त्यांचा विस्तार काही किलोमीटरांचा आणि आयुष्य तासा-दोन तासांचे असते. अशा वेळी धुऱ्याच्या अलीकडच्या वावरात चिखल आणि पलीकडच्या वावरात फुफाटा, हे दृश्य मी पाहिले आहे. आणि 'माह्या वावरात पडला, भावाच्या वावरात थेंब नाही' असे सांगणारा शेतकरी कोणत्याही लहरीचे वर्णन करत नसतो. तो स्थळपरत्वे असलेली विषमता नोंदवत असतो, आणि ती नोंद अचूक असते.

हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: घटना कोठे घडते आणि तिची नोंद कोठे होते. पाऊस शेतात पडतो, पण तो मोजला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर. तेथे 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक नोंद झाली तर अतिवृष्टी मानतात. केंद्रापासून सात-आठ किलोमीटरांवरच्या शिवारात ढग फुटला आणि केंद्रावर 40 नोंदले गेले, तर दप्तरी अतिवृष्टी झाली नाही. मग शेतकऱ्याला उत्तर मिळते की पाऊस बेभरवशाचा आहे. बेभरवशाचा पाऊस नाही. काटेपूर्णा उत्तरेकडे तापीच्या खोऱ्यात आणि पैनगंगा दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यात पाणी नेते, अशा पठारी मुलखावर एका मंडळाला एक माप पुरेल, हे गृहीतच बेभरवशाचे आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 मध्ये आली तेव्हा गारपीट किंवा शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीसाठी 48 तासांत सूचना देऊन वैयक्तिक शेताचा पंचनामा करून घेण्याची तरतूद तिच्यात होती. ती अपुरी होती, मोबाइलवरून तक्रार नोंदवताना शेतकरी मेटाकुटीला येत असे. तथापि घटनेच्या जागी जाऊन पाहण्याचे तत्त्व तिने मान्य केले होते. खरीप 2025 पासून महाराष्ट्राने एक रुपयात विम्याची पद्धत बंद केली, आणि त्याबरोबर हा घटकही वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातील सरासरी उत्पन्नावर आणून ठेवली. एक रुपयाच्या योजनेतील बोगस अर्जांचा बंदोबस्त आवश्यक होता, हे मी मान्य करतो. परंतु त्याच्या जोडीला घटनेची जागाच हिशेबातून काढून टाकावी, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटलेले नाही. मंडळाची सरासरी बरी निघाली की ज्याच्या एकट्याच्या शेतात शेंगा कुजल्या त्याच्यासाठी त्या चौकटीत जागा उरत नाही; आणि पाऊस लहरी ठरवून टाकला की हा अन्याय कोणाचाच राहत नाही.

पर्जन्यमापक ग्रामपंचायतीच्या पातळीवर न्यावेत, हा विचार केंद्र सरकारने 2023 पासून पुढे आणला आहे. तो स्वागतार्ह आहे. रस्त्यांच्या बाबतीत त्याच दिशेने पहिले पाऊल मला असे दिसते, की अपघाताच्या पंचनाम्यात वाहनाच्या नोंदणी क्रमांकाइतक्याच ठळकपणे आणि सक्तीने तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: चालकाने चाक किती तासांपासून धरले होते, त्याच जागी यापूर्वी किती अपघात झाले, आणि कडेची भरणी त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होती. समृद्धीचा शंभर किलोमीटरांच्या जवळपासचा टप्पा वाशीम जिल्ह्यातून, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि रिसोड या तालुक्यांतून जातो. या चार तालुक्यांपासून आरंभ करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज आहे असे मला वाटत नाही.