यानात बसण्याचा हक्क

13 ऑक्टोबर 1956 ला, दीक्षेच्या आदल्या दिवशी, नागपुरात सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात वार्ताहरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विचारलं, तुमचा बौद्ध धम्म कोणता? हीनयान आणि महायान यांच्या जुन्या वादात आपल्या लोकांना ओढायचं नाही, हवं तर याला नवयान म्हणा, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. यान म्हणजे वाहन. ज्या परंपरेनं आपल्या पंथांना वाहनाची नावं दिली, तिच्यात वाहन ही किरकोळ गोष्ट नसणार. आज नागपूर परिसरात इंदोऱ्यातून, जरीपटक्यातून, कामठीतून दरवर्षी उपासक-उपासिका धम्मसहलींना निघतात. कुणी लुंबिनीला, कुणी श्रीलंकेत अनुराधपूरला, कुणी थायलंड-म्यानमारला. अशा वेळी एक प्रश्न नीट विचारावासा वाटतो. परक्या देशात रस्त्यानं, रेल्वेनं, विमानानं, बोटीनं फिरणं ही केवळ पवित्र ठिकाणी पोचण्याची सोय आहे, की त्या फिरण्यातच काही धम्म आहे? माझं म्हणणं असं की आहे, आणि नागपूरच्या बौद्धाला तो इतर कुणाहीपेक्षा लवकर कळायला हवा.

पहिला आक्षेप बौद्धच घेतील, आणि तो साधा नाही. तीर्थयात्रा हा बुद्धाचा मार्गच नव्हे. मज्झिमनिकायात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बुद्धाला विचारतो, आपण बाहुका नदीवर स्नानाला जाता का? बुद्ध त्याला सांगतात की नदीच्या पाण्यानं दुष्कृत्य धुतलं जात नाही. मन आणि आचरण शुद्ध करणं हेच खरं स्नान. मग नदी जर पाप धूत नसेल, तर लुंबिनीची पुष्करिणी तरी काय देणार? हे खरंच आहे. लुंबिनीत पुण्य साठवून ठेवलेलं नाही. पण महापरिनिब्बान सुत्तात चार ठिकाणांचं दर्शन घ्यावं असं सांगितलंय, जन्माचं, संबोधीचं, पहिल्या उपदेशाचं आणि महापरिनिर्वाणाचं. ते कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात आलं, हे आपण सहसा बघत नाही. त्याआधी आनंदानं एक खंत बोलून दाखवली होती. पावसाळा संपला की चारही दिशांचे भिक्खू भगवंतांच्या भेटीला येत, त्यामुळे आम्हाला त्या थोर माणसांची गाठ पडे; भगवंत गेल्यावर ती भेट आम्हाला कुठली? या खंतीपाठोपाठ चार ठिकाणं येतात. म्हणजे बौद्ध यात्रेच्या मुळाशी माती किंवा पाणी नाही, अनोळखी माणसांची गाठ आहे. दिशादिशांतून आलेली, वेगळी भाषा बोलणारी, वेगळं अन्न खाणारी माणसं एका जागी, एका पंक्तीत यावीत म्हणून ती ठिकाणं आहेत. हे मानलं की वाटेतल्या माणसांना यात्रेतून वगळता येत नाही, आणि वाटेतली माणसं भेटतात ती वाहनात.

आता बाबासाहेबांच्या त्या छोट्या इंग्रजी पुस्तिकेकडे वळू, जिचं नावच परदेशप्रवासाच्या कागदावरून ठेवलेलं आहे : 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. तिच्यातली पहिली हकीकत 1901 सालची, ते नऊ वर्षांचे असतानाची. भाऊ आणि भाचे यांच्यासोबत ते साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरले. वडील कोरेगावला नोकरीला होते, पण निरोप चुकल्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं नीटनेटक्या कपड्यांत होती, स्टेशनमास्तरला आधी ब्राह्मणाची वाटली. मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, दुप्पट भाडं द्यायची तयारी होती, तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. या तोडीकडे जवळून बघावं. गाडी तीच, बैल तेच, भाडं दुप्पट, फक्त गाडीवान मुलांशेजारी बसणार नाही. पुढे 1929 मध्ये चाळीसगावला हेच पुन्हा घडलं, तेव्हा ते बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. टांगेवाला टांगा भाड्यानं द्यायला राजी, हाकायला नाही. वस्तीतल्या माणसांनी पाहुण्याचा मान राखण्यासाठी ज्याला हाकता येत नाही अशा आपल्यातल्याच एकाला पुढे बसवलं. मोरीवर टांगा आदळला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. कोरेगावच्या वाटेवर आणि चाळीसगावात भाडं नाकारलेलं नाही. नाकारलं आहे ते शेजारी बसणं, एका माणसानं दुसऱ्याला वाट दाखवत नेणं. म्हणून वाहन हा दळणवळणापुरता विषय राहत नाही. गावात माणसाला माणूस मानलं जातं की नाही, याचा निकाल टांग्याच्या फळीवर लागतो.

याच माणसानं 1913 मध्ये समुद्र ओलांडला होता. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रप्रवास अगदी आरंभी येतो, हे इथे आठवावं. जी परंपरा आतल्या रस्त्यावर त्याला चालू देत नव्हती, तीच वरच्या जातींना बाहेर जाऊ देत नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडन इथे त्यांनी परकी माणसं, परकी वाहनं, परकी भाषा यांच्यात चार वर्षं काढली आणि 1917 मध्ये परतले. त्याच पुस्तिकेत ते सांगतात की परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती परत आली बडोदा स्टेशनवर, उतरायचं कुठे हा प्रश्न पडला तेव्हा. तिथे त्यांना पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. म्हणजे परका देश कुठला, हे नकाशा सांगत नाही. जिथे तिकिटाचे पैसे दिल्यावर शेजारच्या जागेबद्दल कुणी जात विचारत नाही, तो मुलूख भाषा कळत नसली तरी आपला. जिथे दुप्पट भाडं देऊनही गाडीवान खाली उतरून चालतो, तो आपल्या बोलीचा असला तरी परका. पुस्तिकेच्या नावातला व्हिसा हाच आहे, स्वतःच्या देशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याचा.

यावर कुणी म्हणेल, हे सामाजिक झालं, यात अध्यात्म कुठे? आणि यात्रा म्हटली की थोडे कष्ट हवेतच; वातानुकूलित बस आणि विमान यांनी यात्रेचं मोल जातं. 16 मे 2022 पासून लुंबिनीजवळच्या भैरहव्याला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू आहे; पायी जायचे ते लोक कुठे आणि ढगांवरून उतरणारे कुठे, असा सूर ऐकू येतो. विनयपिटकातली एक हकीकत याला उत्तर देते. काही भिक्खू मौजेसाठी वाहनांतून फिरू लागले, लोकांनी नावं ठेवली, तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना वाहन वापरायला मनाई केली. पुढे एक भिक्खू त्यांच्या दर्शनाला निघाला असता वाटेत आजारी पडला आणि झाडाखाली बसून राहिला. येणाऱ्या लोकांनी म्हटलं, चला आमच्यासोबत. तो म्हणाला, मला वाहनात बसता येत नाही. हे कानावर आल्यावर बुद्धांनी आजाऱ्याला वाहनाची मोकळीक दिली. कष्टाला स्वतंत्र मोल असतं तर त्या भिक्खूला झाडाखालीच बसवून ठेवलं असतं. मनाई मिरवण्याला होती. साठीतल्या, गुडघे दुखणाऱ्या उपासिकेनं विमानानं जाणं यात काहीच कमी नाही. दुसऱ्यांपासून तुटून, दुसऱ्यांच्या वर बसून जाणं यात मात्र कमी आहे, मग ते विमानात असो की बैलगाडीत. बुद्धांनी सांगितलेला तराफ्याचा दृष्टान्तही इथे लोक आणतात : नदी पार झाली की तराफा डोक्यावर वाहू नये, तसं यान हे साधन, त्याचं कौतुक कशाला? मान्य. पण तराफा सोडून द्या हे पैलतीराला लागलेल्याला सांगायचं असतं; ज्याला अलीकडच्या तीरावर तराफ्यावर चढूच दिलं नाही, त्याला ते सांगण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बौद्ध देश तरी समतेचे आहेत का? नाहीत, आणि हे झाकून ठेवणं धम्माला शोभणार नाही. श्रीलंकेत बसच्या पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखलेल्या असतात. तो आदर आहे, पण तिथेच आणखी एक कहाणी आहे. 1753 मध्ये सयामहून उपाली थेर कँडीला आले आणि त्यांनी तिथली खंडित झालेली उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, पुन्हा सुरू केली. थोड्याच काळात ती उपसंपदा राजाज्ञेनं गोविगम या वरच्या जातीपुरती करण्यात आली. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतल्यांना भिक्खू होण्याची दारं बंद. तेव्हा किनाऱ्यावरच्या अंबगहपिटिये ज्ञानविमल यांनी 1799 मध्ये आपल्या सोबत्यांसह गलबत पकडलं, ब्रह्मदेशातल्या अमरपुरा या राजधानीत जाऊन उपसंपदा घेतली आणि 1803 मध्ये परतून नवा निकाय उभा केला. त्याचं नावच अमरपुरा निकाय पडलं. नागपूरकरानं ही गोष्ट मनाशी धरून ठेवावी. त्या लोकांना धम्म घरच्या विहारात मिळाला नाही, समुद्रापलीकडे परक्या माणसांकडून मिळाला. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा देणारे कुशीनाऱ्याचे भदंत चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशचे. 1960 च्या दशकात जपानहून आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचेच झाले. वंचितांना धम्म बहुतेकदा वाट चालून आलेल्या परक्यानं दिलेला आहे. बौद्ध देश निर्दोष आहेत म्हणून तिथे जायचं नाही. दोषांसकट माणसं समजून घ्यायला जायचं.

आणि नेमकं हेच आजच्या धम्मसहलीत हरवतं, असं मला वाटतं. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसनं गोरखपूर, तिथून सोनौली. नेपाळला जायला भारतीयांना ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, एवढाच बदल. सोबत आपला आचारी, आपलं वरण-भात, आपलीच पंचावन्न माणसं, आपलीच बस. लुंबिनीत उतरायचं, वंदना घ्यायची, फोटो काढायचे, पुन्हा चढायचं. सगळे सुखरूप, पण दोन दिवसांत एका नेपाळी माणसाशी चार वाक्यं झालेली नसतात. तिथला अशोकस्तंभ 1896 मध्ये उजेडात आला. त्यावरचा लेख सांगतो की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाली असताना राजा स्वतः इथे आला, आणि बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून त्यानं लुंबिनी गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला. एवढ्या मोठ्या यात्रेकरूनं त्या गावाच्या शेतकऱ्याचा भार हलका केला, हे स्तंभावर कोरून ठेवावंसं वाटलं. आपण मात्र तांदूळसुद्धा नागपूरहून नेतो. सहल आखणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. वयस्कर माणसं असतात, अनेकांची ही आयुष्यातली पहिली सहल असते, पोटाचं काही झालं तर जबाबदारी कुणाची? म्हणून सगळी सहल उघड्या रस्त्यावर सोडा असं म्हणणं अविचारी ठरेल. पण सुरक्षेसाठी घातलेलं कुंपण आणि माणसांपासून तोडणारं कुंपण, यांत फरक करता येतो.

परका असण्यात काय मिळतं, हे फाहियान या चिनी भिक्खूच्या एका क्षणात दिसतं. तो खुष्कीच्या मार्गानं वाळवंट आणि डोंगर ओलांडत भारतात आला आणि परतताना ताम्रलिप्तीहून गलबतानं श्रीलंकेला गेला. वर्षानुवर्षं त्याला परकीच माणसं, परकीच झाडं दिसली होती. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्यानं वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि त्याचे डोळे भरून आले. वैराग्य घेतलेला माणूस एका पंख्यानं हलतो. बुद्धांनी सगळ्या प्राण्यांबद्दल जी करुणा सांगितली, ती पुस्तकातून कळते. पण ओळखीचा चेहरा नसलेल्या गर्दीत आपण एकटे असताना कुणी सरकून जागा दिली की ती अंगात उतरते. ज्यांच्या आजोबांना टांगेवाल्यानं शेजारी बसवलं नाही, त्यांना सरकून दिलेल्या जागेची किंमत वेगळी सांगावी लागू नये. आणि तीच किंमत मग दीक्षाभूमीवर येणाऱ्या थाई, जपानी, लडाखी यात्रेकरूला नागपुरात परत द्यायची असते, स्टेशनवरच्या ऑटोत, विहाराच्या पंक्तीत.

परंपरा सांगते की अशोककन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन ताम्रलिप्तीहून निघाली आणि जाफन्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या जंबुकोल बंदरात उतरली. त्याच किनाऱ्यावर कांकेसनथुरैपर्यंत तामिळनाडूच्या नागपट्टिनमहून प्रवासी बोट सुरू झाली, 14 ऑक्टोबर 2023 ला, दीक्षेच्याच तारखेला. मधे खंड पडतात, पण वाट उघडली आहे. सहली आखणाऱ्या मंडळांना म्हणून एवढीच विनंती : यंदाच्या कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. भैरहव्यापासून लुंबिनीपर्यंत ज्यांचे पाय धड आहेत त्यांना तिथल्या साध्या बसनं जाऊ द्या, जेवण गावातल्या खानावळीत घ्या, आणि परतताना शेजारी बसलेल्या माणसाचं नाव विचारून या.