पंचगंगेची ज्योत

कार्तिक पौर्णिमेस काशीच्या पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या पाषाणी दीपस्तंभावर सहस्र ज्योती उजळतात. याच काशीत, याच तिथीस, शके १४९५ मध्ये नाथांची भागवतटीका पूर्ण झाली. पणतीत जेवढे तेल, तेवढीच ज्योत. विजेच्या माळांस ती मर्यादा नाही. कीर्तन आटोपून मंडप ओस पडला तरी त्या जळतच राहतात. ती वीज बहुतांशी कोळशाची. त्या जळणाने वातावरण तापते आणि गंगेच्याच उगमाकडील हिम वितळते. देवांचे देणे परत न करता भोगणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी चोर म्हटले आहे. मग हिला पूजा कशी म्हणावी? सत्संगमंडळांनी पारायण दिवसाउजेडी करावे, आणि प्रसाद वाटणाऱ्याप्रमाणे दिवे मालवणाराही आधीच नेमावा.