सुंदर चित्र खोटे बोलते का?



हेलन ॲलिंगहॅम (१८४८-१९२६) या इंग्लंडमधील जलरंगाच्या नामवंत चित्रकर्ती. त्यांची चित्रे आजही लिलावात विकली जातात. विषय बहुधा एकच: गवताने शाकारलेले खेड्यातले घर, फाटकापाशी कडेवर मूल घेतलेली आई, झग्याला धरून उभी असलेली दुसरी पोर, दारात फुलझाडे. कोणी उपाशी नाही, कोणाचे कपडे फाटलेले नाहीत.

त्या सरे परगण्यातली ही घरे रंगवीत होत्या, त्याच काळात अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊन इंग्लंडमधल्या धान्याचे भाव कोसळले होते. मजूर खेडी सोडून शहरांकडे चालले होते. कित्येक घरे आतून ओल धरलेली, अंधारी, एक-दोन खोल्यांत सगळे कुटुंब. चित्रात यातले काही दिसत नाही. उलट, घरमालकाने नवी खिडकी बसवली असली तर बाई चित्रात जुनी जाळीची खिडकी परत घालीत. मग हे खोटे नव्हे काय?

संत थॉमस अक्वायनस येथे उपयोगी पडतात. त्यांच्या मते खरे-खोटे हे नुसत्या पाहण्यात नसते. ‘हे असे आहे’ असा निर्णय बुद्धी करते तेव्हा ते सुरू होते. चित्र असा निर्णय देत नाही. आई मूल घेऊन दारात उभी राहिली, तिच्यावर ऊन पडले, एवढेच ते दाखवते. आणि गरिबाच्या दारात ऊन पडत नाही असे थोडेच आहे? पण १९०३ साली मार्कस ह्यूश यांनी या चित्रांचे पुस्तक काढले आणि त्याला नाव दिले ‘सुखी इंग्लंड’. येथे मात्र निर्णय झाला. ज्या मजुराच्या घराचे चित्र, त्याला कोणी विचारले नव्हते.

बाईंना दोष देताना माझा हात आखडतो. त्यांचे पती, कवी विल्यम ॲलिंगहॅम, १८८९ मध्ये वारले. पदरात तीन मुले. घर चित्रांच्या विक्रीवर चालले. विकत घेणाऱ्या शहरी माणसाला दिवाणखान्यात फुलझाडे हवी होती, ओल नको होती. जाब विचारायचा तर त्याला विचारावा.

याची उलटी बाजूही आहे. देणगीसाठी जी पत्रके छापली जातात, चर्चचीही त्यात आली, त्यांवरचे गरीब मूल नेहमी रडके, शेंबडे, एकटे. त्याची आई त्याला हसवते तो क्षण कोणी छापत नाही, कारण त्यावर पैसे मिळत नाहीत. तेही गरिबाला न विचारता केलेले विधानच.

हा वाद परदेशातला म्हणून लातूरकरांना सोडून देता येत नाही. आपल्याकडची जुनी घरेही चित्रात फार सुंदर दिसली असती. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, लाकडी खांब, वर मातीचे जाड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, तेच दगड आणि तेच माळवद किल्लारी परिसरात झोपलेल्या माणसांवर कोसळले. आदल्या रात्रीच गणपतींचे विसर्जन झाले होते. सरकारी आकड्याप्रमाणेही जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली.

त्या घरांबद्दल आज कोणी शहरात बसून हळहळू लागला, ‘काय ते वाडे होते’ म्हणू लागला, तर मला ते खटकते. पण नव्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी तेच म्हटले तर खटकत नाही. सरळ रस्त्यांच्या, सुट्या-सुट्या घरांच्या त्या वस्तीत बसून ती जुन्या घराचे वर्णन करतात. उन्हाळ्यात गारवा कसा असे, ओसरीवर शेजारीपाजारी कसे जमत, माळवदावर मिरच्या कशा वाळत. ॲलिंगहॅमबाईंनी रंगवावे असे ते चित्र असते. आणि मग, आवाज न बदलता, त्याच भिंतीखाली कोण कोण राहिले त्यांची नावे ती सांगू लागतात.