शोध कोणाचा?

फर्दापूरला मुक्काम ठेवून अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्याला दहाव्या लेण्यातल्या एका खांबाची हकीकत हमखास ऐकायला मिळते. त्यावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे : २८ एप्रिल १८१९. साहेब शिकारीला आले आणि त्यांनी लेणी शोधली, असे आपण पोरांना सांगतो. त्यांना वाट एका गुराख्याच्या पोराने दाखवली, असेही सांगतात. त्या पोराचे नाव मात्र कोणत्याच खांबावर नाही.

मला ही गोष्ट आठवते ती एका पाखरामुळे. जेर्डनचा धाविक हे त्याचे पुस्तकी नाव. टिटवी-तुतारीसारख्या पाणकाठच्या पाखरांच्या गणातला हा पक्षी. पण राहतो कोरड्या, काटेरी झुडपांत आणि बाहेर पडतो रात्री. आपल्याकडे सिरोंच्याजवळ ब्लॅनफर्डने तो एकोणिसाव्या शतकात पाहिला होता. १९०० साली आंध्रात त्याचे शेवटचे दर्शन झाले आणि पुढे पंच्याऐंशी वर्षे पंडितांनी तो गेलाच असे धरले.

गंमत अशी, की कडप्प्याच्या रानातल्या लोकांना तो गेल्याचे कोणी कळवलेच नव्हते! त्यांच्या तेलुगूत तो होता ‘कलिवी कोडी’, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण चित्रे दाखवीत गावोगाव विचारत हिंडले, आणि जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना नावाच्या पारध्याने रात्री बॅटरीच्या झोतात एक पक्षी जिवंत धरून आणला. जगभर आनंद झाला. पाखरू मात्र वाचले नाही.

मग शोध कोणाचा? ऐतन्नाचा म्हणावे, तर त्याच्या लेखी हरवले काहीच नव्हते. नुसते पंडितांचा म्हणावे, तर ते उघडच अन्यायाचे होईल. तरीही मी पुस्तकी नावाला हसणार नाही. ते नाव कागदावर परत आले नसते, तर श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झाले नसते, आणि तेलुगू गंगेच्या कालव्याला या मूठभर जिवासाठी वळण घ्यावे लागले नसते. करवंदीच्या कोंबडीसाठी कोणते सरकार कालवा वाकवते? जाणणे पारध्याजवळ होते. त्या जाणण्याची जबाबदारी मात्र लिहून घेणाऱ्यांवर पडली, आणि तीही एक पक्षी हातात मेल्यावर. हा हिशेब काही केल्या सरळ जुळत नाही; तो जुळवण्याची घाईही मला नाही. ज्यांनी ऐतन्नाचे नाव आपल्या हकीकतीत लिहिले, त्यांनी खांबावर केवळ स्वतःचे नाव कोरणाऱ्यापेक्षा निदान एक पायरी वर चढून दाखवली, एवढे खरे.

त्यानंतर पक्षी पुन्हा बरीच वर्षे दिसेनासा झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये काही पक्षिमित्रांनी त्याच मुलखात अंधारात त्याची साद ऐकली. त्यांनी ती यंत्रावर टिपून घेतली. धरायला कोणी गेले नाही.